सॅक्स-झिम बॉग: बाबा, बर्फ आणि राखी घुबड

बाबांनी यावेळी फोनवरच सांगून टाकलं होतं, "उन्हाळ्यात बोलावू नकोस, मला थंडीत यायचंय." मिनेसोटात लोक आईवडिलांना मे-जूनमध्ये बोलावतात, जानेवारीत कोणी बोलावत नाही, पण बाबांचं डोक्यात पक्कं होतं. नाशिकला शाळेत शिकवत होते तेव्हापासून दर रविवारी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणं हा त्यांचा नेम, आधी स्कूटरवर आणि आता कोणाच्या तरी गाडीतून, चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन बसायचं आणि वहीत लिहायचं. मी पण लहानपणी मागे बसून गेलेय. आता ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, आहे, तेव्हा फार कोणाला माहीत नव्हतं. तर त्यांचं म्हणणं असं की हिवाळ्यात आपल्याकडे जे बदक, जे भोवत्ये येतात ते सगळे थंडीला कंटाळून उत्तरेकडून खाली आलेले असतात, मग जे खाली येतच नाहीत, तिथेच राहतात, ते काय करतात ते मला बघायचंय. आणि त्यातही ग्रेट ग्रे आउल, राखी रंगाचं ते प्रचंड घुबड, ज्याचा फोटो मी त्यांना दोन वर्षांपूर्वी पाठवला होता तो त्यांनी प्रिंट काढून वहीत चिकटवला होता.

म्हणून जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग डेच्या लाँग वीकेंडला आम्ही दोघंच सॅक्स-झिम बॉगकडे निघालो, नवरा आणि लेक घरी राहिले कारण लेकीची स्विमिंगची मीट होती.

शुक्रवार

मिनियापोलिसहून डुलुथ साधारण दीडशे मैल, अडीच तासांचा सरळ रस्ता. मध्ये हिंकलीला टोबीजमध्ये थांबून सिनॅमन रोल खाल्ला, बाबांना तो खूप गोड वाटला पण संपवला. डुलुथ यायच्या आधी हायवे एकदम टेकडीवरून खाली उतरतो आणि समोर लेक सुपीरियर दिसतो, बाबा म्हणाले "हा समुद्रच आहे की", आणि खरंच पलीकडचा काठ लांबपर्यंत दिसत नाही. पाण्यावरून वाफ उठत होती, हवा पाण्यापेक्षा खूप थंड असली की असं होतं.

कॅनल पार्कला लिफ्ट ब्रिजखाली गोल्डनआय बदकं होती, दहा-बारा, बर्फाच्या तुकड्यांमध्ये बुड्या मारत. ती उडाली की पंखांची शिट्टी वाजते. मी बाबांना म्हटलं ऐका, आणि लगेच मला आठवलं की तेवढ्या वरच्या पट्टीतलं त्यांना आता ऐकू येत नाही, मशीन लावूनही. ते म्हणाले, "शिट्टी वाजली ना? वहीत लिहितो, तू सांगितलीस म्हणून."

रात्री हॉटेलवर कपड्यांची तयारी. आत थर्मल, मग लोकर, वर जाड पार्का, दोन मोजे, बुटात हँड वॉर्मरसारखीच, पायांना ऊब देणारी पाकिटं. बाबांनी नाशिकची माकडटोपी आणली होती ती पार्काच्या हुडाच्या आत घातली, आणि मी सांगते इतकी उपयोगी टोपी इथल्या दुकानात मिळत नाही.

शनिवार

पहाटे सहाला निघालो. ५३ नंबरचा हायवे धरून कॉटन गावापर्यंत, मग डावीकडे आत. तापमान उणे २६, म्हणजे सेल्सियसमध्ये. सूर्य उगवायला पावणेआठ होतात आणि पाचच्या आत मावळतो, त्यामुळे दिवस हातात फार नसतो.

सॅक्स-झिम बॉग म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं की गेट असेल, तिकीट असेल. तसं काही नाही. तीनशे चौरस मैलांहून मोठा हा तुकड्यातुकड्यांचा प्रदेश आहे, काही सरकारी जंगल, काही शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी, काही गवताची रानं, आणि मध्ये मध्ये बॉग, म्हणजे शेवाळाच्या कुजलेल्या थरांवर तरंगत असल्यासारखी दलदल. सॅक्स आणि झिम ही दोन छोट्या वस्त्यांची नावं. शंभरेक वर्षांपूर्वी इथे चर खणून पाणी काढून शेती करायचा मोठा प्रयत्न झाला, तो बराचसा फसला, पण ते सरळ रेषेतले चर अजून रस्त्यांच्या कडेने आहेत आणि त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच. झाडं मुख्यतः ब्लॅक स्प्रूस, काटकुळी आणि वर शेंड्याला झुपका असलेली, आणि टॅमरॅक, जे सूचिपर्णी असूनही थंडीत सगळ्या सुया गाळतं, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं जंगल मेलंय.

फ्रेंड्स ऑफ सॅक्स-झिम बॉग नावाची संस्था इथे जमिनी विकत घेऊन राखते, आणि त्यांचं वेलकम सेंटर ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावच आउल अॅव्हेन्यू. तिथल्या फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवतात तिथे, पाइन ग्रोसबीक होते, नर गुलाबी-लाल, बर्फात कोणी गुलाल टाकावा तसे. हा पक्षी माणसाला घाबरत नाही, सहा-सात फुटांवर बसून सूर्यफुलाचं बी सोलत होता, चोचीच्या कडेला सालपटाचा चुरा चिकटलेला दिसत होता. रेडपोल्सचा थवा, चाळीस तरी असतील, चिमणीपेक्षा लहान, कपाळावर लाल टिकली. यांच्या अन्ननलिकेत एक पिशवी असते, दिवस मावळायच्या आत त्यात बिया भरून घेतात आणि रात्री आडोशाला बसून पचवत राहतात. जुन्या याद्यांमध्ये अजून कॉमन रेडपोल आणि होरी रेडपोल असे दोन दिसतील, पण २०२४ पासून अमेरिकन यादीत एकच जात धरतात. बाबांनी वहीत आधी दोन लिहिले होते त्यातला एक खोडला, त्यांना ते थोडं जिवावर आलं.

मग अॅडमिरल रोडच्या फीडर्सवर. तिथे झाडाच्या खोडांना पीनट बटर फासलेलं असतं आणि हरणाच्या बरगड्यांचा सापळा टांगलेला असतो, चरबीसाठी. इथे तासभर गेला पण मी म्हणेन सगळ्यात श्रीमंत तास तोच. कॅनडा जे आला, राखाडी, मऊ पिसांचा, मोठ्या डोळ्यांचा, चरबीचा तुकडा तोडला, चोचीत घोळवला, आणि समोरच्या स्प्रूसच्या सालीमागे चिकटवून परत आला. याची लाळ चिकट असते, तिने तो तुकडे झाडाला डकवून ठेवतो, अशी हजारो ठिकाणं करतो आणि लक्षात ठेवतो. त्याच साठ्याच्या जोरावर हा पठ्ठ्या मार्चमध्ये, सगळीकडे बर्फ असताना, घरटं करून अंडी उबवतो. बाबा म्हणाले, "म्हणजे हा बेगमी करून राहणारा." बेगमी! कित्येक वर्षांत मी हा शब्द ऐकला नव्हता. आजी पावसाळ्याआधी सांडगे-पापडांची बेगमी करायची.

चिकडी तर सतत होते. काळी टोपी, काळा गळा, वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर असेल तेवढं. आपल्याकडच्या रामगंगेचा हा लांबचा भाऊ. रात्री हा आपलं शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली उतरवतो, चूल मंद करून ठेवावी तसं, आणि सकाळी पुन्हा वर आणतो. दिवसभरात खाऊन जेवढी चरबी साठवली ती त्या एका रात्रीत जळून जाते, म्हणजे याला उद्याची शिल्लक अशी फार नसतेच, रोज नव्याने कमवायचं. मी हातमोजे काढून पाच सेकंद दुर्बिणीचा फोकस फिरवला तर बोटं बधिर झाली, आणि तो समोर उघड्या पायांनी फांदीवर. बोरियल चिकडी, तपकिरी टोपीची, एकच आली आणि पीनट बटरवर एक मिनिटभर बसली, तिच्यासाठी लोक फार लांबून येतात कारण ती अशाच उत्तरेकडच्या स्प्रूसच्या रानात राहते, आणि इथेही रोज दिसेलच असं नाही.

दुपारी एका टॅमरॅकच्या शेंड्यावर नॉर्दर्न श्राइक, म्हणजे आपल्या खाटकाचाच उत्तरेतला नातेवाईक. हा मात्र आणखी वरून, आर्क्टिककडून इथे उतरलेला, त्याच्यासाठी हीच दक्षिण. उंदीर काट्यावर खोचून ठेवायची सवय तीच. इंग्रजीत पण त्याला बुचर बर्डच म्हणतात हे सांगितल्यावर बाबा खूष, "दोन्हीकडच्या लोकांनी एकच बघितलं आणि एकच नाव ठेवलं."

घुबड नाही. दिवसभर पन्नासेक मैल कच्च्या रस्त्यांवर दहा-पंधराच्या स्पीडने फिरलो, प्रत्येक खुंट घुबड वाटला, पण नाही.

आणि साडेतीनला तो चर. समोरून लाकडांचा ट्रक आला, त्याला जागा द्यायला मी उजवीकडे घेतलं, आणि जे रस्त्याची कडा वाटत होतं ते रस्ता साफ करणाऱ्या नांगराने कडेला ढकललेलं नुसतं बर्फ होतं, खाली चर. दोन्ही उजवी चाकं आत. ट्रक पुढे निघून गेला होता, फोनला रेंज नाही, सूर्य खाली चाललेला, शेजारी एकाहत्तर वर्षांचे वडील. मी घाबरले होते, खरंच. टाकी अर्ध्याच्या वर ठेवायचा नियम मी पाळला होता म्हणून हीटर चालू ठेवता आला, आणि सायलेन्सरपाशी बर्फ अडकलेला नाही ना ते आधी उतरून बघितलं, कारण तो तुंबला तर धूर आत येतो. वीसेक मिनिटांनी एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, लांबून दिव्यांचा कोन बघून त्याला कळलं होतं म्हणे. साखळी लावली, पाच मिनिटांत गाडी बाहेर. पैसे घेईना. बाबांनी बॅगेतून तिळाच्या वड्यांचा डबा काढला, संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते, आणि त्याच्या हातावर वड्या ठेवून मला म्हणाले, सांग त्याला, आमच्याकडे या दिवसांत हे देतात आणि गोड बोला म्हणतात. मी सांगितलं. त्याने हातमोजा काढून एक वडी तिथेच खाल्ली, आणि मग न विचारता म्हणाला की घुबडं बघायला आलात ना, माझ्या गवताच्या रानाच्या कडेला दोन-तीन दिवस एक बसतंय, उजाडताना, रस्त्यावरूनच दिसतं, फक्त गाडी बंद ठेवा.

तो रस्ता कुठला ते मी लिहिणार नाही, त्याची जमीन आहे आणि घुबडाचीही.

रविवार

उणे २९. सात वाजता आम्ही तिथे होतो. बाजूला घेऊन, पण यावेळी रस्ता चाचपून बघून, इंजिन बंद केलं. सुरुवातीची दहा मिनिटं गाडीत ऊब असते, मग नसते. काचा आतून गोठायला लागतात, आपल्याच श्वासाने, म्हणून खिडक्या उघड्याच ठेवल्या. खिडकी उघडी ठेवायचं आणखी एक कारण आहे, तापलेल्या गाडीतून फोटो काढला की आतली गरम हवा आणि बाहेरची थंड हवा खिडकीत मिसळून मृगजळासारखी थरथरते आणि कितीही भारी लेन्स असली तरी फोटो मऊच येतो. नवीन लोक लेन्सला दोष देतात. स्पेअर बॅटरी पार्काच्या आतल्या खिशात, अंगाला लागून.

बाबांच्या कानातल्या मशीनची बॅटरी थंडीने गेली. त्यांनी ते काढून डबीत ठेवलं आणि हातानेच मला खूण केली की राहू दे. मग आम्ही दोघं नुसते बसून. वारा नव्हता. लांबवर कुठेतरी थंडीने झाड तडकल्याचा आवाज झाला, बंदुकीसारखा, तो मीच ऐकला.

सात पन्नासला बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवला. मी चुकीच्या बाजूला बघत होते. डावीकडे, कुंपणाच्या खांबावर, गाडीपासून सत्तर-ऐंशी फुटांवर, ते बसलेलं होतं. कधी आलं कळलंच नाही, येताना आवाज म्हणून नाही.

अडीच फूट उंचीचं घुबड. नॉर्थ अमेरिकेतलं सगळ्यात उंच, पण वजन जेमतेम एक-सव्वा किलो, बाकी सगळी पिसंच, ग्रेट हॉर्न्ड आणि स्नोई दोन्ही त्याच्यापेक्षा वजनाने भारी असतात. चेहरा म्हणजे मोठी थाळी, त्यात एकात एक राखाडी वर्तुळं, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. मध्ये दोन लहान पिवळे डोळे, आणि चोचीखाली पांढऱ्या पट्ट्याचा बो. ती थाळी बघायला नसून ऐकायला असते, आवाज गोळा करून कानांकडे वळवते. आणि दोन कान वरखाली असतात, एकसारख्या उंचीवर नाहीत, त्यामुळे आवाज डावी-उजवीकडूनच नव्हे तर किती वरून-खालून येतोय तेही कळतं.

ते आमच्याकडे एकदाच वळलं. मग नजर खाली. तोंड बर्फाकडे करून डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. त्या बर्फाखाली, जमिनीला लागून, व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर बोगदे करून राहतात, वर उणे तीस असलं तरी तिथे खाली शून्याच्या आसपासच असतं, बर्फाचं पांघरूण असतं त्यांना. ते गवत कुरतडतात त्याचा आवाज हे घुबड दोन फूट बर्फातून ऐकतं.

मग उडालं. चार-पाच सावकाश पंख, जमिनीपासून जेमतेम माणसाच्या उंचीवर, आणि रानाच्या मध्ये हवेत थांबलं. फडफडत एका जागी, तोंड खाली. मला हे आधी माहीत नव्हतं की ते असं का थांबतं, मी परत आल्यावर वाचलं, २०२२ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबातल्या अभ्यासात दिसलं की बर्फातून येताना आवाज वाकतो, त्यामुळे तिरकं ऐकलं तर उंदीर असतो एकीकडे आणि भासतो दुसरीकडे, बरोब्बर डोक्यावर येऊन ऐकलं की तो भास सगळ्यात कमी होतो. म्हणून ते वर येऊन थांबतं आणि पुन्हा एकदा ऐकतं.

थांबलं. आणि पडलं, पाय पुढे टाकून, छातीपर्यंत बर्फात. पंख दोन्हीकडे पसरलेले, काही सेकंद तसंच. मग मान वर, चोचीत काळं काहीतरी, एक झटका, गिळलं. चेहऱ्याच्या थाळीवर बर्फाचा भुगा बसलेला, तो झटकला नाही, तसंच खांबावर परत येऊन बसलं.

बाबांनी दुर्बीण खाली घेतली होती. दाढीवर श्वासाचं बर्फ. मला म्हणाले, आणि ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठ्यानेच म्हणाले, "किती खोलवरचं म्हणालीस?" मी दोन बोटं दाखवली, दोन फूट. त्यांनी मान हलवली आणि परत दुर्बीण लावली. चाळीस मिनिटं ते तिथे होतं. आम्ही पण.

एक गोष्ट मनापासून लिहायची आहे. दोन वर्षांपूर्वी याच भागात मी बघितलंय की एका गाडीतून माणूस दुकानातून आणलेले पांढरे उंदीर बर्फावर सोडत होता, घुबड कॅमेऱ्याकडे उडत यावं म्हणून. फोटो सुंदर आले असतील. पण त्या घुबडाला गाडी म्हणजे खाणं असं शिकवलं की ते रस्त्यावर येतं, खाली उडतं, आणि गाडीखाली जातं. २००४-०५ च्या हिवाळ्यात उत्तरेत व्होल कमी झाले तेव्हा हजारोंनी ही घुबडं मिनेसोटात उतरली होती आणि त्यातली कितीतरी रस्त्यांवरच मेली. ऐकून जगणारा पक्षी आहे तो. आपल्याला त्याच्यासाठी करता येण्यासारखं एवढंच आहे की इंजिन बंद करायचं, दार आपटायचं नाही, मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवायचा नाही, आणि थंडी सोसायची. कृपया एवढं कराच.

बाकी रविवारी दुपारी मेडोलँड्सकडे शार्प-टेल्ड ग्राउझ, रानकोंबडीसारखे पक्षी, सहा, आणि एक मॅगपाय. संध्याकाळी हॉटेलवर पिठलं, मी रेडी मिक्स नेलं होतं, आणि बाबा आठला झोपले.

सोमवार

परतीचा दिवस, पण बाबा म्हणाले जाताना एक चक्कर. रात्री बर्फ पडलं नव्हतं. त्या रानापाशी थांबलो, घुबड नव्हतं. पुढे मैलभरावर, नांगराने ढकललेल्या बर्फाच्या ढिगाच्या अगदी पलीकडे, रस्त्याच्या हद्दीतच, बाबांना बर्फात काहीतरी दिसलं.

मध्ये दोन मुठींएवढा खड्डा, पायांचा. त्याच्या वर चेहऱ्याचा उथळ गोल ठसा. आणि दोन्ही बाजूंना पंख, प्रत्येक मोठं पीस वेगळं उमटलेलं, टोकाशी कंगव्याने ओढल्यासारख्या बारीक रेघा. खड्ड्याच्या तळाशी बोगद्याचं भोक उघडं पडलेलं, त्यात सुकं पिवळं गवत, आणि गवताच्या एका काडीवर रक्ताचा मोहरीएवढा ठिपका.

बाबा गुडघ्यावर बसले. हातमोजा काढला आणि ठशाला न शिवता, वरून, वितीने मोजायला लागले. मी म्हटलं बोटं जातील, हातमोजा घाला, पण मशीन कानात नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच वीत आणि चार बोटं. मग पेन चालेना, शाई गोठली होती, तर मी खिशातली पेन्सिल दिली, आणि त्यांनी तिथेच बसून वहीत तारीख, वेळ, उणे २४ आणि हे माप लिहिलं.